रोजच्या वापरासाठी मोठा घडीचा चाकू कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मोठा’ घडीचा चाकू म्हणजे नक्की केवढा?

पाते ९ ते १० सेंटिमीटर आणि मूठ ११ ते १३ सेंटिमीटर. उघडल्यावर एकूण लांबी २० ते २३ सेंटिमीटर भरते. यापुढे गेलात तर खिसा जड होतो आणि चाकू घरीच राहतो. मोजताना मूठ संपते तिथपासून अणीपर्यंत मोजा. विक्रेते बऱ्याचदा उघडलेल्या चाकूची पूर्ण लांबी ठळक छापतात आणि तीच पात्याची समजून लोक मागवतात.

तुमच्या हातासाठी मूठ पुरेल का, हे पाहायला चार बोटे जोडून तळव्याची रुंदी मोजा. ती ८.५ सेंटिमीटर असेल तर मुठीवर बोटांसाठी किमान तेवढीच मोकळी जागा हवी, शिवाय करंगळीमागे एखादा सेंटिमीटर. मोठ्या चाकूचा खरा फायदा इथे आहे. पूर्ण मूठ हातात बसते, त्यामुळे जोर लावताना हात घसरत नाही.

मला खरेच मोठा लागेल का?

पाकिटे फोडणे, सफरचंद कापणे, सुतळी तोडणे यांना ६–७ सेंटिमीटरचे पाते पुरते. मोठे पाते उपयोगी पडते ते पपई, कलिंगड, फणसाचे गरे, जाड पुठ्ठे, १२ मिमी दोर, मल्चिंग पेपर किंवा ठिबकच्या १६ मिमी नळीवर. ठिबकची नळी एका ओढीत, सरळ आणि काटकोनात कापली गेली पाहिजे. तिरकी कापली तर जोडणीत पाणी गळते. लहान पात्याने तिथे करवतीसारखे घासावे लागते आणि कड फाटते. अशी कामे आठवड्यातून दोन-चारदा येत असतील तर मोठा घ्या. महिन्यातून एकदा येत असतील तर लहानच बरा, कारण तो कायम जवळ राहतो.

पाते जाड असले म्हणजे मजबूत, बरोबर ना?

खरेदीतली सर्वात मोठी चूक इथे होते. हातात घेतल्यावर जाड पाते भरवशाचे वाटते, पण चाकू कापतो तो पातळपणामुळे. ४ मिमी जाडीचे पाते सफरचंदात शिरले की फोड कापली जात नाही, पाचरीसारखी दुभंगते. गाजराचा तर टणकन तुकडा उडतो. रोजच्या कामाला पाठीपाशी २ ते ३ मिमी जाडी उत्तम. धारेच्या अगदी मागे, म्हणजे धारेचा तिरपा भाग सुरू होतो तिथे, ०.३ ते ०.५ मिमी. हे दुकानात मोजता येत नाही, पण चाकू समोरून, अणीकडून डोळ्यासमोर धरला तर पाते पाठीकडून धारेकडे एकसारखे निमुळते होते की शेवटपर्यंत जाडच राहते, ते लगेच दिसते.

फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला ओपिनेल हे याचे चांगले उदाहरण. १८९० पासूनचा हा साधा लाकडी मुठीचा शेतकरी चाकू. नंबर ८ चे पाते ८.५ सेंटिमीटर, नंबर १० चे १० आणि नंबर १२ चे १२ सेंटिमीटर. पाते इतके पातळ आहे की दुप्पट-तिप्पट किमतीचे जाडजूड चाकू फळे कापण्यात त्याच्यापुढे मागे पडतात. उलट टोकाला अमेरिकेचा बक ११०. १९६४ पासून बनणारा, ९.५ सेंटिमीटर पात्याचा, पितळी टोकांचा, वजन सुमारे २०० ग्रॅम. तो कमरेच्या चामडी म्यानात शोभतो, पण सुती पँटच्या खिशात मांडीवर आपटत राहतो. खिशासाठी १२० ग्रॅमच्या आत राहा.

खटक्यांचे प्रकार कोणते, आणि कुठला कधी दगा देतो?

खटका म्हणजे उघडलेले पाते मिटू न देणारी कळ. चाकूच्या मोठेपणापेक्षा खटक्याला जास्त महत्त्व द्या. दहा सेंटिमीटरचे पाते अवेळी मिटले तर तर्जनीच्या सांध्यावरच येते.

*खटका नसलेले.* पाठीमागच्या पट्टीच्या दाबावर पाते उघडे राहते. आजोबांच्या वेळचे खिशातले चाकू असेच असत. कापताना दाब धारेवर असल्याने चालते. टोचताना किंवा अडकलेले पाते ओढून काढताना मात्र ते मिटू शकते. मोठ्या पात्याला हा प्रकार आम्ही सुचवत नाही.

*फिरते कडे.* ओपिनेलवर १९५५ मध्ये आलेले धातूचे कडे. फिरवले की पात्याचा मार्ग बंद. २००० नंतरच्या चाकूंत ते मिटलेल्या अवस्थेतही पाते अडकवते, त्यामुळे पिशवीत आपोआप उघडायची भीती नाही. कडे आपोआप लागत नाही, तुम्हालाच फिरवावे लागते. दगा बसतो तो विसरल्यामुळे. वाळू शिरली की कडे घट्ट होते. ब्रशने झटकून पाण्याखाली धरा.

*आतली पट्टी.* मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकते. बाजारात खूप दिसणारा प्रकार. स्वित्झर्लंडच्या विक्टोरिनॉक्सच्या १११ मिमी मुठीच्या चाकूंपैकी बऱ्याच मॉडेलांत हाच असतो. उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडाच्या रुंदीपैकी पाव ते निम्म्या भागावर टेकली पाहिजे. नुसती कडेला टेकत असेल तर तो चाकू घेऊ नका. वापराने ती हळूहळू पलीकडच्या बाजूला सरकत जाते; तिथे भिडून पाते हलू लागले की खटका झिजला. आणखी एक धोका असा, की मूठ करकचून आवळून मनगट पिळले तर बोटांचे मांस पट्टीला बाहेर ढकलते. दोर कापताना चाकू पिळू नका, ओढा.

*चौकटीचा खटका.* मुठीची एक बाजूच आत सरकते. आवळल्याने उलट घट्ट बसतो, म्हणून वरचा धोका इथे कमी. टायटॅनियम असेल तर नवीन असताना पात्याला चिकटून बसतो आणि अंगठ्याने सुटता सुटत नाही. पात्याच्या टेकणाऱ्या जागेवर पेन्सिलीचे शिसे घासले की सुटतो.

*पाठीचा खटका.* पाठीवरची तरफ दाबली की सुटतो. बक ११० मधला हाच. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखा. खाचेत माती किंवा खिशातले सूत साचले तर दात पूर्ण बसत नाही आणि तरीही बसल्यासारखा आवाज येतो. शेतात वापरणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा दाताच्या खाचेत टोकदार बांबूची काडी फिरवावी.

*आडव्या दांड्याचा खटका.* दोन्ही बाजूंनी सरकणारी दांडी, तिला दोन बारीक स्प्रिंगा. मिटताना बोटे पात्याच्या वाटेत येत नाहीत, हा मोठा गुण. स्प्रिंग तुटते, पण एक तुटली तरी दुसरीवर चालते. खटका मऊ लागायला लागला की ओळखा.

पहिल्या मोठ्या चाकूसाठी आमची पसंती कडे किंवा पाठीचा खटका. दोन्ही समजायला सोपे, आणि बिघाड डोळ्यांना दिसतो.

दुकानात काय तपासायचे?

पाते सावकाश उघडा. मध्येच खरखर जाणवू नये. उघडल्यावर मूठ एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरा आणि आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवा. आडवा हलका हेलकावा स्क्रू आवळून जातो. वर-खाली हलणे जात नाही, तो खटक्याचा दोष असतो.

मग पाते मिटा आणि फटीतून पाहा. ते मधोमध असावे, भिंतीला घासू नये. अणी मुठीत पूर्ण बुडालेली हवी. मिटलेला चाकू फटीची बाजू खाली करून दोनदा झटका. पाते बाहेर डोकावले तर खिशात घेण्याजोगा नाही.

शेवटी धार. दिव्याखाली धार वर करून धरा. पाजळलेली धार दिसतच नाही. जिथे चकाकी दिसते तिथे ती बोथट आहे. धारेचे तिरपे भाग दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीचे हवेत. नव्या चाकूला कमी धार असेल तर हरकत नाही, पण हे भाग वाकडेतिकडे असतील तर सरळ करताना बरेच पोलाद जाते.

उघड्या चाकूची पाठ टेबलावर जोरात आपटून खटक्याची परीक्षा घेण्याची पद्धत काही लोक दाखवतात. करू नका. त्याने चांगला खटकाही ढिला होतो.

पोलाद कुठले घ्यावे?

कोकण, गोवा, मुंबई किंवा पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणारे असाल तर गंज हा पहिला निकष ठेवा. १२सी२७, १४सी२८एन, ८सीआर१३एमओव्ही ही रास्त भावातली स्टेनलेस पोलादे रॉकवेल कडकपणात साधारण ५७ ते ६० वर असतात आणि घरच्या दगडावर धार घेतात. यांत १४सी२८एन गंजाला सर्वात चांगले तोंड देते. विक्टोरिनॉक्सचे पोलाद यांहून थोडे मऊ, ५५–५६ च्या आसपास. धार लवकर उतरते, पण दोन मिनिटांत परतही येते आणि सहसा कड तुटत नाही.

डी२ हे नाव स्वस्त चाकूंवर फार दिसते. धार खूप टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही. त्यात क्रोमियम ११–१२ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यातले बरेचसे कार्बनशी बांधलेले, म्हणून गंज रोखायला थोडेच उरते. घामाच्या खिशात त्यावर ठिपके पडतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चालेल, रत्नागिरीत नको.

एस३०व्ही सारखी महागडी पोलादे उत्तम आहेत, पण ज्याच्याकडे हिऱ्याच्या कणांची पट्टी नाही त्याने घेऊन काय करायचे? बोथट महाग पोलादापेक्षा पाजळलेले साधे पोलाद कधीही बरे.

नुसते ‘सर्जिकल स्टील’ किंवा ‘४४०’ लिहिले असेल तर सावध व्हा. ४४० मध्ये ए, बी, सी असे प्रकार आहेत आणि ए व सी यांच्या कडकपणात बराच फरक पडतो. दमास्कसची, म्हणजे थर जोडून बनवलेल्या पोलादाची, नक्षीही अनेकदा पात्यावर वरवर कोरलेली असते. खऱ्या थरांची नक्षी पाठीवरही दिसते.

कार्बन पोलाद घ्यायला काय हरकत आहे?

काहीच नाही, काळजी घेणार असाल तर. धार झटपट आणि केसासारखी बारीक लागते. पण कैरी, लिंबू, चिंच, कांदा यांनी ते काळे पडते आणि पहिले काही दिवस फोडींना लोखंडी चव येते. काळसर-निळे पुट चढू द्या. तेच पुढच्या तांबूस गंजाला आड येते. ते मुद्दाम चढवायचे तर पाते साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, कोमट व्हिनेगरमध्ये १५–२० मिनिटे बुडवा, धुवा, खायच्या सोड्याने चोळा, कोरडे करून तेल लावा. सांधा मात्र व्हिनेगरबाहेर ठेवा.

मूठ कशाची असावी?

घामेजल्या हातात ॲल्युमिनियम आणि गुळगुळीत पोलाद घसरते. काचतंतू मिसळलेले नायलॉन हलके आणि पावसाला बेफिकीर. जी-१० ची (काचकापड आणि राळ यांचे थर दाबून बनवलेली पाटी) पकड सर्वात घट्ट, पण क्लिपखालचा खरखरीत भाग पँटचा खिसा खाऊन टाकतो. तेवढाच भाग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात ओला ठेवून घासा. कोरडे घासू नका, काचेची धूळ श्वासात जाते.

लाकूड हाताला सर्वात छान लागते. आणि पावसाळ्यात फुगते.

लाकडी मुठीचा चाकू जुलैत उघडतच नाही. काय करू?

आधी मुठीचा मागचा टोकाचा भाग लाकडी पाटावर हलकेच ठोका. पाते थोडे बाहेर डोकावते, मग नखाने ओढा. सॅव्हॉयचे शेतकरी हेच करतात. पक्कड लावून ओढू नका, पाते निसटले की थेट हातावर येते.

कायमचा उपाय उन्हाळ्यातच करायचा. चाकू दोन-तीन दिवस कोरड्या जागी उघडा ठेवा, मग सांध्याच्या बाजूच्या उघड्या लाकडाला जवसाचे तेल पाजा. दर काही तासांनी एक हात, लाकूड पिणे थांबवेपर्यंत. वरचे पुसून आठवडाभर वाळू द्या. तेलाचे फडके बोळा करून टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याच्या घटना होतात. ते उलगडून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात भिजवा.

सांध्याला खोबरेल तेल चालते का?

पात्यावर चालते, सांध्यात नको. थंडीत थिजते, आणि जुने झाले की चिकट होऊन धूळ धरते. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. फळे कापत असाल तर पात्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन उत्तम, ते खवटही होत नाही. खोबरेल तेलाचे खरे काम फणसाच्या वेळी: कापण्याआधी पात्याला चोळा, चीक धरत नाही, धरलाच तर पाण्याने नव्हे, तेलाच्याच फडक्याने निघतो.

धार घरी कशी लावायची?

हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड चालतो. त्याची बारीक बाजू वापरा, खरखरीत बाजू फक्त कड तुटली असेल तर. नंतर जमल्यास १००० ग्रिटचा पाणदगड.

दगड भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकत नाही. कोन दर बाजूला २० अंशांच्या जवळपास हवा. मोजायचे सोपे गणित: पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश एवढी पाठ दगडापासून वर. २२ मिमी रुंद पात्याला ती साधारण पेन्सिलीच्या जाडीएवढी येते, म्हणून पहिल्या काही वेळा पेन्सिल पाठीखाली धरून अंदाज घ्या. धारेवर मार्करची शाई लावा आणि दोन हात फिरवून पाहा. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त धारेच्या टोकाची गेली तर फार वर.

एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला अंगठा आडवा फिरवल्यावर बारीक खरखर लागेपर्यंत. ही खरखर, म्हणजे कडेवर वळलेले बारीक पोलाद, मुठीपासून अणीपर्यंत सलग यायला हवी. ती येण्याआधी बाजू बदलली की तासभर घासूनही धार येत नाही. धार न लागण्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते. मग दुसरी बाजू तशीच. शेवटी दाब अगदी कमी करून आलटून पालटून दहा हात, आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने, धार मागे ठेवून, वीसेक हात. वर्तमानपत्राचा कागद न अडखळता कापला गेला तर झाले.

धारवाल्याकडे द्यावा का?

त्याचे चाक कोरडे आणि वेगात फिरते. पातळ पात्याची कड क्षणात तापते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. कडेवर निळा-जांभळा रंग दिसला की तेवढे पोलाद मऊ झाले. ते घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही. विळी, कोयता द्या. घडीचा चाकू देऊ नका.

दातेरी पाते चांगले की सरळ?

सरळ. दातेरी पाते ओल्या दोराला छान, पण घरी धार लागत नाही आणि फळाची फोड फाटते.

कुठली कामे या चाकूने करू नयेत?

नारळ फोडणे, लाकडावर ठोकून ढलपे काढणे, डब्याचे झाकण उचकटणे, स्क्रू फिरवणे. घडीच्या चाकूचा सगळा भार एका खिळीवर असतो. पाठीवर दगडाने ठोकले की खिळ आणि खटका दोन्ही वाकतात, आणि उचकटताना अणी तुटून उडते ती डोळ्यांच्या उंचीवर.

खिशात कसा ठेवावा?

क्लिप लावून, उजव्या खिशाच्या मागच्या शिवणीला टेकवून, पात्याची बाहेर दिसणारी पाठ शिवणीकडे. मग पाते उघडायचे म्हटले तरी शिवण अडवते. किल्ल्यांसोबत त्याच खिशात नको. क्लिपचे किंवा सांध्याचे स्क्रू ढिले होत असतील तर काढून, तेल पुसून, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावा. बहुतेकांना टी६, टी८ किंवा टी१० चे चांदणीच्या आकाराचे पाने लागतात.

शहरात, गर्दीत, एसटीत चाकू खिशाला लटकवून फिरू नका. पिशवीच्या तळाशी, मिटलेला ठेवा.

कायद्याने चालते का?

शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात; घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. दहा सेंटिमीटरचा घडीचा चाकू या मापाच्या खूप आत येतो. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात, आणि त्या कलमात तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर सुऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश निघतात. उल्लंघनाला कलम १३५ खाली तुरुंगवास होऊ शकतो. गोव्यात हा कायदा नाही, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली तिथेही बंदी घालता येते. आदेश लागू असेल तर चाकू घरी ठेवा.

बटण दाबून उघडणारा किंवा रामपुरी गरारीचा (दातेरी खाचांवर कटकटत उघडणारा) चाकू मुळीच घेऊ नका. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने असे ७.६२ सेंटिमीटर व त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर व त्याहून रुंद पात्याचे चाकू सार्वजनिक जागी बाळगणे गुन्हा ठरते. अधिसूचनेत इतर यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकूही येतात, म्हणून अर्धवट उघडल्यावर स्प्रिंगने झेपावणारे मॉडेलही टाळावे.

विमानात चाकू फक्त चेक-इन सामानात. न्यायालय, मंत्रालय, मेट्रो, मोठी देवस्थाने, मॉल यांच्या तपासणीत तो जप्त होतो किंवा परत पाठवतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: तिथे सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो फक्त ३ इंचांपर्यंत धारेचा, खटका नसलेला घडीचा चाकू. या पानावरचा जवळपास प्रत्येक चाकू तिथे रस्त्यावर बेकायदा ठरेल.

स्वसंरक्षणासाठी उपयोगी पडेल का?

नाही, आणि त्या हेतूने कृपया घेऊ नका. झटापटीत घडीचा चाकू उघडायला वेळ लागतो, हिसकावला जातो, आणि जखम बाळगणाऱ्यालाच होऊ शकते. पोलिसांनी विचारल्यावर ‘स्वतःच्या बचावासाठी’ असे उत्तर दिलेत तर कामाची वस्तू तुम्ही स्वतःच्या तोंडाने शस्त्र ठरवलीत.

रोजची निगा किती?

एक मिनिट. कापून झाले की पाते धुवा, फटीतले पाणी कापडाच्या टोकाने टिपा, रात्री उघडा ठेवून वाळू द्या, पण मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. महिन्यातून एकदा फटीतले सूत-माती काढून तेलाचा एक थेंब. जून ते सप्टेंबर हे दर आठवड्याला करा. चामड्याच्या म्यानात मात्र कधीच साठवू नका. चामडे ओल धरते आणि पावसाळ्याच्या शेवटी पात्यावर म्यानाच्या आकाराचा गंज उमटलेला सापडतो.